अर्धशिशी : काय खाल्ले, की कधी खाल्ले?

मराठीत अर्धशिशी, कन्नडमध्ये अरेतलेनोवु. दोन्ही भाषांनी हे अर्ध्या डोक्याचे दुखणे नेमके ओळखले आहे. घरात मात्र आपण त्याला तिसरेच नाव देतो, पित्त! डोके ठणकते, उजेड सोसत नाही, शेवटी कडू उलटी होते आणि जरा बरे वाटते. मग काल काय खाल्ले याची चौकशी सुरू होते. दही, टोमॅटो, तूरडाळ, वांगे असा एकेक पदार्थ ताटातून हद्दपार होतो. डोकेदुखी मात्र घरातच राहते.

खरे तर मायग्रेनच्या झटक्यात जठराचे काम मंदावते, म्हणून मळमळते आणि उलटी होते. उलटी हा दुखण्याचाच भाग आहे, त्याचे कारण नव्हे. चॉकलेटचीही अशीच गंमत आहे. काहींना डोके दुखण्याच्या आदल्या दिवशी गोड खावेसे वाटते. ती इच्छा हीच पुष्कळदा झटक्याची सुरुवात असते. दोष मात्र चॉकलेटवर येतो. चायनीजच्या गाड्यावरचा अजिनोमोटोही बदनाम आहे, पण त्याच्याविरुद्धचा पुरावा भक्कम नाही. एखाद्याला एखादा पदार्थ खरोखर बाधतोही. पण सर्वांना लागू पडेल अशी यादी नाही.

त्यापेक्षा चुकलेल्या जेवणाकडे बघा. योम किप्पूर हा ज्यू लोकांचा कडक उपवासाचा दिवस. त्यावर इस्रायलमध्ये झालेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. उपवास करणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांचे डोके दुखले, न करणाऱ्यांपैकी फक्त ७ टक्क्यांचे. आपल्याकडचे श्रावणी सोमवार, एकादशी आणि रमजानचे रोजे आठवा. उपवास नसतानाही आपल्या निपाणी भागात पहाटे घर आवरून नुसत्या चहावर विड्यांच्या सुपाशी बसणाऱ्या बायका आहेत, गावाकडून पहिल्या बसने उपाशी येणाऱ्या विद्यार्थिनी आहेत. कर्नाटकात निम्हान्सच्या तज्ज्ञांनी केलेली पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत १८ ते ६५ वयाच्या सुमारे २५ टक्के लोकांना वर्षभरात मायग्रेनचा त्रास झाल्याचे आढळले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण बरेच जास्त होते. सर्वांचे वाढून झाल्यावर शेवटी जेवणारीच्या डोक्याला हे दुखणे अधिक, हे विसरू नये.

चहाचाही हिशेब ठेवा. रोज चार-पाच कप पिणाऱ्याने एकदम सोडला, तर १२ ते २४ तासांत डोके धरते. कमी करायचा तर हळूहळू करावा.

मग करावे काय? दोन महिने एक वही ठेवा. झटक्याची तारीख, आदल्या २४ तासांतले खाणे, जेवणाची वेळ, झोप आणि मासिक पाळी यांची नोंद करा. एकच पदार्थ पुन्हा पुन्हा सापडला, तरच तो काही दिवस बंद करून बघा. सगळे सोडून अशक्तपणा ओढवून घेऊ नका. उपवास करायचाच असेल तर आदल्या रात्री नीट जेवा. सकाळीच दूध, केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू घ्या, पाणी भरपूर प्या. निर्जळी उपवास अर्धशिशीवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच करावा.

दुकानातून आणलेल्या गोळ्यांनाही मर्यादा हवी. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यातून १५ दिवस किंवा जास्त, अशी काही महिने घेतली तर तिनेच डोके दुखू लागते. अचानक कधी नव्हे इतके तीव्र दुखले, बोलणे अडखळले, हातापायातली शक्ती गेली, तापाबरोबर मान आखडली, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला, तर वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

एरवी मात्र आधी घड्याळ बघा. आणि घरातल्या बाईचे डोके दुखत असेल तर ‘काय खाल्लेस?’ असे विचारण्याआधी ‘जेवलीस का?’ असे विचारा. कन्नडमध्ये विचारायचे तर ‘ऊट आयता?’ हे दोनच शब्द पुरेत.