कराराचा अभ्यास : कलमे आणि माणसे

विधी महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली गाठ बहुधा १८७२ च्या भारतीय करार कायद्याशी पडते. प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल आणि संमती या ठरलेल्या क्रमाने हा विषय पुढे सरकतो. कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीविरुद्धचा १८९३ चा इंग्लंडमधील खटला आणि अज्ञान व्यक्तीशी केलेला करार मुळातच निरर्थक ठरविणारा मोहरी बीबी प्रकरणातील १९०३ चा निवाडा विद्यार्थी तोंडपाठ करतात. परीक्षा होते, गुण मिळतात. परंतु एक माणूस दुसऱ्याला कायद्याने बांधला जातो म्हणजे नेमके काय होते, हा मूळ प्रश्न अनेकांच्या बाबतीत अस्पर्शितच राहतो.

वस्तुतः हा प्रश्न फार जुना आहे. रोमन विधिज्ञांनी दायित्वाला कायद्याची गाठ मानले आणि ही गाठ करारातून पडते तशीच दुसऱ्याचे नुकसान केल्यानेही पडते, हे ओळखले. आपल्याकडील धर्मशास्त्रकारांनी व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत मनूने पहिले स्थान दिले ते ऋणादानाला. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा दंडक याच विचारातून आला आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मान्यही केला. गाठ पक्की असावी, पण तिने गळा आवळला जाऊ नये, ही जाणीव या दोन्ही परंपरांना होती.

आजच्या अभ्यासक्रमात मात्र या एका विषयाचे तुकडे झालेले दिसतात. करार एका प्रश्नपत्रिकेत, जामीन व अभिकरण यांसारखे विशेष करार दुसऱ्या आणि अपकृत्ये तिसऱ्या प्रश्नपत्रिकेत असतात. करार झालेला नसतानाही दायित्व निर्माण करणारी ६८ ते ७२ ही कलमे तर वर्षअखेरीच्या घाईत कशीबशी उरकली जातात. एखाद्या कारकुनाने चुकून भलत्याच व्यक्तीला रक्कम दिली, तर ती परत करण्याचे बंधन ७२ वे कलम घेणाऱ्यावर घालते. येथे करार नाही, अपराधही नाही. तरी गाठ आहे. ती का असावी, याचा विचार विद्यार्थ्याने केला, तर विखुरलेल्या तुकड्यांमधून जाणारा धागा त्याला सापडेल.

त्याहूनही मोठी उणीव इतिहासाची आहे. करार कायदा १८७२ मध्ये आला आणि अवघ्या तीन वर्षांत, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. दंगलीचे हे लोण लवकरच पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. या शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कर्जाच्या खतांवर होता. खते हाती आली की ती जाळली जात. खतावर अंगठा होता, दोन साक्षीदार होते, म्हणून न्यायालयाच्या लेखी संमती होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षांवर आणली. परिणामी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून खत पुन्हा पुन्हा लिहून घेतले जाऊ लागले. न वाचता येणाऱ्या कागदावर उमटलेला अंगठा कितपत स्वेच्छेचा, हे विचारण्याची सोय मात्र नव्हती.

ती सोय १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने केली. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. पुढे १८९९ मध्ये खुद्द करार कायद्यातील अनुचित प्रभावाचे १६ वे कलम बदलण्यात आले. हा इतिहास ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला १६ वे कलम वेगळे पाठ करावे लागणार नाही.

आता ती परिस्थिती राहिली नाही, असा आक्षेप कोणी घेईल. अंगठ्याची जागा सहीने घेतली, हे खरे. परंतु विम्याचे बारीक अक्षरांतले विधिपत्र किती सुशिक्षित वाचतात? मोबाइलवर ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट टेकवताना आपण काय मान्य केले, हे किती जणांना सांगता येईल? सहकाऱ्याच्या कर्जासाठी पतसंस्थेत जामीन राहणाऱ्या शिक्षकाची समजूत बहुधा अशी असते की, आधी कर्जदाराकडून वसुली होईल आणि तेथे काही उरले तर आपली पाळी येईल. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर १२८ वे कलम जामीनदाराचे दायित्व कर्जदाराच्या दायित्वाइतकेच मानते. धनको थेट त्याच्या दारी येऊ शकतो. हे ज्ञान पगारातून हप्ता कापला जाऊ लागल्यावर यावे, ही साक्षरतेची शोकांतिकाच होय.

विषम बळाच्या दोन पक्षांमधील संमती संशयाने पाहावी, हे न्यायसंस्थेनेही स्वीकारले आहे. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन प्रकरणी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोकराला विनाकारण काढून टाकण्याची मुभा देणारी अट रद्दबातल ठरविली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर ‘अन्याय्य करार’ या संकल्पनेलाच स्थान दिले. कायदा बदलत असताना अध्यापन मात्र टिपणवहीत अडकून पडणे योग्य नव्हे.

अभ्यासक्रम आधीच जड आहे, त्यात भर नको, ही अध्यापकांची तक्रार रास्त आहे. परंतु येथे भर घालण्याची गरजच नाही. विद्यार्थ्यांच्या हाती एक भाडेपत्र, एक जामीनपत्र आणि एक विधिपत्र द्यावे. त्यातील प्रत्येक अट कोणत्या कलमावर उभी आहे आणि कोणाच्या सोयीची आहे, हे त्यांनाच शोधू द्यावे. मराठी माध्यमातून आलेल्यांना ही चर्चा मराठीतून करता यावी, कारण उद्या त्यांच्यासमोर बसणारा पक्षकार आपली अडचण मराठीतच सांगणार आहे. त्याने सही करण्यापूर्वी योग्य प्रश्न विचारणारा वकील घडविणे, हे या विषयाच्या अध्यापनाचे पहिले प्रयोजन मानले गेले पाहिजे.