डॉ. जयंत नारळीकर

कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले, काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात गणितज्ञ पिता व संस्कृतज्ञ माता यांच्या सान्निध्यात वाढलेले, आणि केंब्रिजमध्ये फ्रेड हॉयल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडून ऐन पंचविशीत जगद्विख्यात झालेले डॉ. जयंत विष्णु नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. विश्वाचा आरंभ महास्फोटात झाला हे बहुमान्य मत त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारले नाही. परंतु बहुमताविरुद्ध इतकी वर्षे उभे राहूनही ज्याच्या वाणीत कटुता आली नाही, असा संशोधक आम्हांस तरी विरळाच वाटतो. १९८८ साली स्थापन झालेल्या 'आयुका' या खगोलविज्ञान संस्थेचा सारा कारभार शिरावर असतानाही, स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न पाठवावयास सांगत, आणि स्वाक्षरी उत्तराखाली करून धाडीत.

या साऱ्या व्यासंगाला घराचे अधिष्ठान होते. १९६६ साली त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या मंगलाताई स्वतः गणिताच्या विदुषी. संसार सांभाळून त्यांनी पुढे डॉक्टरेट मिळविली, आणि तिन्ही कन्यांनीही विज्ञानाचाच मार्ग धरला. मंगलाताई २०२३ साली गेल्या. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच जयंतरावही गेले.