चतुर्थीआधी पिवळी पडणारी खळी

श्रावण सरत आला की इन्सुलीच्या वाड्यांतून फिरताना एक चुकीचा रंग डोळ्यांत भरतो. डोंगर हिरवा, भाताचे कुणगे हिरवे, गडग्यावरचे शेवाळसुद्धा हिरवे. आणि मध्येच एखाद्या घरापुढचे खळे मात्र वैशाखात असावे तसे करपलेले, पिवळे. हे उन्हाचे काम नव्हे. आठ-दहा दिवसांपूर्वी तिथे तणनाशक मारलेले असते. गणपती यायचे, मुंबईहून चाकरमानी यायचे, दहा महिने बंद असलेल्या घरासमोर गवत गुडघ्यापर्यंत वाढलेले आणि कापायला माणूस मिळत नाही. पाठीवरचा पंप घेऊन आलेला माणूस वीस मिनिटांत काम उरकून जातो.

हे लिहिताना मी स्वतःला बाजूला ठेवत नाही. तीन वर्षांपूर्वी मीही हेच केले. पंपवाला जाताना म्हणाला, "औषध मारलंय, आता दोन म्हयने बघूक नको." तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या घरातला नऊ वर्षांचा मुलगा माझ्या खळ्याच्या कडेला बसून दूर्वा खुडत होता. गवताची एक कोवळी काडी त्याच्या दातांत होती. मी ओरडतच धावलो. काडी टाकायला लावली, तोंड आणि हात धुवायला लावले. तो गोंधळून म्हणाला, "पण ही तर हिरवीच आसत, काका."

मुलाला काही झाले नाही. पण त्याचे म्हणणे बरोबर होते, आणि या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे. आपल्याकडे सर्वाधिक वापरले जाणारे ग्लायफोसेट हे तणनाशक गवताला जाळत नाही. पानांतून ते आत शिरते, रसाबरोबर मुळांपर्यंत जाते आणि वनस्पतीला वाढीसाठी लागणारी काही अमिनो आम्ले तयार करणारे विकर बंद पाडते. गवत हळूहळू उपासमारीने मरते. पिवळेपणा दिसायला आठवडा, कधी दहा दिवस लागतात. तोवर फवारलेली दूर्वा आणि न फवारलेली दूर्वा शेजारी ठेवली तरी ओळखता येत नाही. नेमक्या याच आठवड्यात आपण दूर्वा खुडतो, माटवीसाठी रानवेली गोळा करतो, गाईला गवत घालतो, आणि मुले खळ्यात अनवाणी खेळतात.

ग्लायफोसेट किती घातक आहे, याबद्दल जगात एकमत नाही, हेही सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकले. युरोपीय संघाने मात्र २०२३ मध्ये त्याचा परवाना आणखी दहा वर्षांसाठी वाढवला. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याची फवारणी फक्त प्रशिक्षित कीडनियंत्रकांनीच करावी, असे म्हटले. म्हणजे एका काडीने मूल दगावेल, असे कोणी म्हणत नाही. पण ज्या रसायनावर शास्त्रज्ञांचे अजून भांडण मिटलेले नाही, ते उंबरठ्यापासून चार हातांवर, मुले आणि गुरे वावरतात तिथे, हातमोजे न घालता मारायचे कारण काय?

पॅराक्वाट या दुसऱ्या तणनाशकाबाबत तर चर्चेलाही जागा नाही. ते एक-दोन दिवसांत गवत जाळते, म्हणून लोकांना आवडते. ते पोटात गेले तर मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी होतात आणि त्यावर उतारा नाही. अनेक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. उरलेले औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून पडवीत ठेवण्याची सवय आपल्याकडे आहे. ती जीवघेणी आहे.

फवारणीने खळ्याचेही भले होत नाही. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जांभ्यावरची माती आधीच पातळ असते आणि ती धरून ठेवतात ती गवताची मुळे. भर पावसात ती मारली की माती उतारावरून व्हाळात जाते. ग्लायफोसेट आपल्या लोहयुक्त तांबड्या मातीला घट्ट चिकटते, त्यामुळे ते झिरपून विहिरीत उतरण्याची भीती तुलनेने कमी. पण वाहून जाणाऱ्या मातीबरोबर ते पुढे जाते. त्याच्या काही मिश्रणांतला साबणासारखा घटक बेडकांच्या पिलांना मारतो, आणि डास खाणारे बेडूक आपल्याला हवे असतात. उघड्या पडलेल्या जागेवर पुढच्या पावसाळ्यात हरळीआधी रानमोडी आणि लव्हाळा येतात. मग पुन्हा पंप.

फवारणीच्या बाजूने दिली जाणारी कारणे मात्र खोटी नाहीत. गवतात जनावर असते, म्हणजे साप. फुरसे तर जांभ्याच्या दगडांतच राहते. पावसाळ्यात लेप्टोची भीती. आणि माकडतापाचा अनुभव आमच्या भागाने घेतला आहे: २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आणि २०१७ मध्ये इथून जवळच्या बांदा परिसरातल्या गावांत. घरी दोन म्हातारी माणसे असतील तर गवत वाढू द्या, असे त्यांना कोण सांगेल?

मीही सांगत नाही. गवत आखूड ठेवलेच पाहिजे. पण आखूड ठेवणे आणि विष घालून मारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साप गवतासाठी येत नाही. तो उंदीर-बेडकांमागे आणि लपायच्या जागेसाठी येतो. घराभोवती पाच-सहा फुटांचा पट्टा आखूड कापलेला असावा, चिऱ्यांची रास आणि लाकडांचा ढीग भिंतीपासून दूर असावा, रात्री हातात बॅटरी असावी. याने जे साधते ते फवारणीने साधत नाही. काही जण सापांसाठी घराभोवती फोरेटचे दाणे टाकत. त्याने साप हटत नाही, कोंबड्या आणि कुत्री मात्र मरतात. २०२० च्या अखेरीपासून देशात त्यावर बंदी आहे. घरात जुना डबा पडून असेल तर तो वापरू नका. लेप्टोचे जंतू उंदराच्या मुतातून ओल्या मातीत येतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात, म्हणून गवत कापणाऱ्याला गमबूट हवेत. ताप आला तर 'आठ दिवसांपूर्वी गवत कापले होते' हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

मग वर्षभर करायचे काय? घरापुढे साधी हरळी असो की नर्सरीतून आणून लावलेले लॉन, कोकणात त्याचे वेळापत्रक पाऊस ठरवतो.

जूनमध्ये खत घालू नये, पहिल्या मोठ्या सरींत ते वाहून जाते. त्याऐवजी पाणी साचणाऱ्या जागा मोकळ्या कराव्यात. पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात. ते दिव्याखाली गोळा करून मारले की मुळे खाणाऱ्या अळ्या पुढे कमी होतात. गवत वीतभर झाले की पहिली कापणी, साधारण आषाढात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे, कारण पाने गेली की मुळांचे अन्न तुटते. गुडघाभर वाढू देऊन एकदम भुईसपाट केले की हरळी दमते आणि तण पुढे जाते. दुसरी कापणी चतुर्थीच्या आठवडाभर आधी. श्रावणात लॉनवर तपकिरी गोल डाग दिसले तर ती बहुधा बुरशी असते. तिला औषधापेक्षा पाण्याचा निचरा आणि कापलेले गवत झाडून काढणे जास्त लागू पडते.

खत घालायची वेळ दसऱ्यानंतरची. पाऊस ओसरलेला, माती ओली, ऊन मोकळे. तेव्हा कुजलेल्या शेणखताचा किंवा गांडूळखताचा पातळ थर पुरतो. आपली माती आम्लधर्मी, तेव्हा चुना लागू शकतो; पण माती तपासूनच घालावा. याच दिवसांत तिसरी कापणी करावी. पूर्वी तुळशीच्या लग्नाआधी खळे चोपून शेणाने सारवत. तेव्हा गवत मुळासकट निघे, पण हाताने आणि योग्य वेळी. मार्गशीर्षापासून काजू-आंब्याचा पातेरा घरालगत साचू देऊ नये. माकडतापाच्या गोचिडांचा काळ तोच, डिसेंबर ते मे. परिसरात मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.

आणि फाल्गुन ते वैशाख? तेव्हा गवत पिवळे पडू द्यावे. सुकलेली हरळी मेलेली नसते. तिच्या जमिनीखालच्या कांड्या जिवंत असतात आणि पहिल्या सरीने फुटतात. एक गुंठा लॉन उन्हाळ्यात हिरवे ठेवायचे तर रोज पाच मिलिमीटर पाणी धरले तरी पाचशे लिटर लागतात. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. म्हणजे नऊ माणसांचे पाणी एका गुंठ्याला, तेही विहिरीचा तळ दिसू लागतो त्या दिवसांत. वैशाखातले पिवळे खळे निरोगी आहे. श्रावणातले पिवळे खळे आजारी आहे.

राहिला प्रश्न माणसांचा, आणि तोच खरा आहे. चतुर्थीआधीच्या आठवड्यात ग्रास कटरवाला मिळत नाही, कारण सगळ्यांना तो एकाच आठवड्यात हवा असतो. वाडीने मिळून आषाढातच दोन कापण्या ठरवाव्यात, बंद घरांच्या मालकांनी मुंबईहून पैसे पाठवावेत, एखाद्या बचत गटाने यंत्र घेऊन ते भाड्याने चालवावे. ग्रामपंचायतीने निदान एवढा नियम करावा, की चतुर्थीआधी महिनाभर वस्तीत तणनाशक मारायचे नाही. आणि त्याआधी कोणी मारलेच तर तिथे लाल फडका बांधायचा.

माझ्या खळ्यात आता कटर चालतो. फवारलेल्या पट्ट्यात हरळी परत यायला दोन पावसाळे गेले. यंदा तो मुलगा दूर्वा खुडायला येताना आधी दारात येऊन विचारून गेला, "काका, मारलास काय?" गावातल्या मुलाला दूर्वा खुडण्याआधी हा प्रश्न विचारावा लागू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.