झोपेतील धावणे

मार्गशीर्षात धान घरी आले, की गोंदिया जिल्ह्यातील गावांच्या कडेला तणसाचे ढीग उभे राहतात. हिवाळ्यातील दुपारी त्या उबेत गावचा कुत्रा स्वस्थ निजतो. थोड्या वेळाने त्याचे पंजे थरथरू लागतात, मिशा हलतात, मिटल्या तोंडातून बारीक भुंकणे उमटते. कुणी म्हणतो, याला आजार झाला. कुणी म्हणतो, याला भूत दिसले. मग एखादा खोडकर मुलगा त्याला काठीने डिवचतो. त्या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि ती काठी तर त्यांहूनही चुकीची.

कुत्र्यांना स्वप्ने पडतात, हा तर्क फार जुना. सुमारे २३०० वर्षांपूर्वी ग्रीक पंडित ॲरिस्टॉटलने त्यांच्या झोपेतील भुंकण्यावरून तो केला होता. परंतु निद्रेत मेंदू काय करतो, हे कळू लागण्यास १९५३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखवून दिले, की निजलेल्या माणसाचे डोळे पापण्यांआड अधूनमधून वेगाने फिरतात, आणि तेव्हा त्याला जागे केल्यास तो बहुधा स्वप्न सांगतो. कुत्र्यामांजरांनाही अशी झोप लागते. या काळात मेंदू जवळजवळ जागेपणाइतकाच कामात असतो. मात्र त्याच्या तळाचा एक भाग हातापायांच्या स्नायूंना आवरून धरतो. हा लगाम किती मोलाचा! फ्रान्समधील मिशेल झुवे यांच्या प्रयोगांत, हा भाग निकामी केलेली मांजरे झोपेतच उठून नसलेल्या सावजावर झडप घालताना आढळली. निरोगी कुत्र्याचा लगाम तेवढा सुटत नाही. तो किंचित सैल होतो आणि पंजा हलतो. पिल्ले तर अधिकच थरथरतात. त्या हालचालींतून मेंदू आपल्या अवयवांची ओळख करून घेत असावा, असे काही शास्त्रज्ञांना वाटते.

स्वप्नात तो काय पाहतो, हे कुत्रा सांगू शकत नाही. तथापि २००१ साली अमेरिकेत लुई व विल्सन यांनी उंदरांना एका गोल वाटेवर धावविले. धावताना त्यांच्या मेंदूतील पेशी ज्या क्रमाने चेतत, जवळजवळ त्याच क्रमाने त्या पुढे झोपेतही चेतल्या. तेव्हा तणसावरचा कुत्राही पहाटे बांधीत केलेला पाठलाग पुन्हा करीत असेल, असे मानण्यास हरकत नाही. रात्रभर ज्याने गावाची राखण केली, त्याला दुपारी एवढी सवलत गावाने द्यावयास नको काय?

दयेची गोष्ट सोडली, तरी दचकून उठलेला कुत्रा समोरचा हात ओळखत नाही, तो चावतो. असे घडल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा लागतो, कारण पिसाळरोग एकदा जडला की बहुधा प्राणच घेतो. कुत्र्याला उठविणे भागच असेल, तर दुरून हळू हाक मारावी.

हाकेने तो जागा झाला, तर काळजीचे कारण नाही. परंतु अंग लाकडासारखे ताठ झाले, तोंडाला फेस आला आणि हाक मारूनही तो भानावर येईना, तर ते स्वप्न नव्हे. ती आकडी असू शकते. अशा वेळी त्याच्या तोंडाजवळ हात न नेता घरातील मोठ्यांना सांगावे व पशुवैद्यांना बोलवावे.