जुने नको, कोरे पुस्तक द्या



मुंबईत करी रोड स्टेशनच्या भोवती एके काळी गिरण्यांचे भोंगे वाजत. कोरडवाहू रानातल्या कापसाचे सूत गिरणगावात निघे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कित्येक परत आत गेलेच नाहीत. भोंगे बंद झाले. पण त्या वस्तीचा एक धडा आपल्या कामाचा आहे.

गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला रस्त्यावर टाकलेले एक मूल सापडले. त्याने आणि काशीबाईने त्याला घरी आणले, स्वतःचे नाव दिले, शाळेत घातले. शाळा जेमतेम चौथीपर्यंत झाली. पुढे तो पोरगा मिळेल तिथे राबला, शाळेत शिपाई झाला, मग शिक्षक झाला. १९९५ साली परभणीला, कापूस-ज्वारीच्याच मुलखात, तो साहित्य संमेलनाचा अध्यक्ष म्हणून बसला. ते कवी नारायण सुर्वे. गंगारामाजवळ पैसा नव्हता. पण त्याने दिले ते उरलेसुरले नव्हते.

आता आमचेच कार्यकर्ते विचारतात, "आपण भीक नको, घामाचे दाम मागणारे. मग पुस्तके वाटायची कशाला?" प्रश्न रास्त आहे. कापसाला भाव मिळाला तर बाप स्वतःच पुस्तक घेईल. लढाई तीच आहे आणि ती सोडायची नाही. पण भाव मिळेपर्यंत पोरगी थांबत नाही. ती या वर्षी दुसरीत आहे, पुढल्या वर्षी तिसरीत जाईल. पेरणीची वेळ टळली की पाऊस पडूनही उपयोग नसतो, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको.

पाठ्यपुस्तके सरकारी शाळेत आठवीपर्यंत फुकट मिळतात. त्याने परीक्षा होते, वाचनाची गोडी लागतेच असे नाही. गोडी लागते गोष्टीच्या, चित्रांच्या पुस्तकाने. आणि वाटपात बहुधा येते काय? शहरातल्या माळ्यावरची रद्दी, पाने फाटलेली, कुणा दुसऱ्याचे नाव खोडलेली. किडके बियाणे आपण रानात टाकत नाही. मग लेकराच्या हातात का टाकावे? जुने पुस्तक त्याला सांगते, तुझ्या वाट्याला उरलेलेच. कोरे पुस्तक, त्यावर त्याचेच नाव, हे दान नव्हे. तो त्याचा मान आहे.

वाचन ही चैनही नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. वाचता आले असते तर सगळे वाचले असते, असे आम्ही म्हणत नाही. पण डब्यावरचा लाल त्रिकोण, आडत्याची पट्टी, कर्जाचा कागद आणि सातबारा ज्याला स्वतः वाचता येतो, त्याला फसवणे अवघड जाते.

म्हणून या जिल्हा मेळाव्यात आमची एवढीच सूचना. पाहुण्यांचे हार, शाल, नारळ बंद करा. त्या पैशांतून गावातल्या गरजू घरांतल्या, आधी शेतमजुरांच्या आणि एकल मायबहिणींच्या, लेकरांना एकेक नवे मराठी पुस्तक घ्या. निवड लेकरालाच करू द्या. व्यासपीठावर बोलावून फोटो काढू नका. घरी नेऊन द्या. आणि आठ दिवसांनी जाऊन विचारा, "काय वाचलंस, सांग बरं." ते सांगेल तेवढा वेळ बसून ऐका.