गाण्यातले शेटजी

सातारा-सांगलीकडचे माध्यमिक शाळेतील विद्यार्थी पोवाडा ऐकतात तो बहुधा स्नेहसंमेलनात. इतिहासाच्या तासाला त्याची आठवण फारशी होत नाही. वस्तुतः हा मुलूख शाहिरांचाच. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. दोन्ही गावे वाळवा तालुक्यातील. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार चालले, तेव्हा शाहीर शंकरराव निकम यांच्यासारख्यांनी ते गावोगाव पोहोचवले. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे कुंडल हे प्रमुख केंद्र सांगली जिल्ह्यात कसे, असा प्रश्न पोवाडा ऐकताना एखाद्या मुलाला पडला, तर १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले, हे सहज सांगता येते.

चालीमुळे गीत पाठ होते. मात्र शिक्षकाने तेवढ्यावर थांबू नये. शाहीर कोणाची तरी बाजू घेऊन उभा असतो. त्याचे गीत ही साक्ष आहे, निकाल नव्हे. किर्दीतील नोंद खतावणीशी ताडून पाहावी, तशी ती कागदपत्रांशी ताडावी लागते. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा शिवकालातील, महात्मा फुले यांचा शिवाजी महाराजांवरील पोवाडा १८६९ मधील. राजा एकच, पण फुल्यांच्या पोवाड्यात तो रयतेचा राजा म्हणून उभा राहतो. असे का, हाच खरा धडा.

व्यापारी घरातील मुलांची कसोटी पुढे लागते. अण्णाभाऊंचे ‘शेटजींचे इलेक्शन’ हे लोकनाट्य वर्गात निघाले, की सारा वर्ग हसतो आणि एखादा मुलगा अवघडून बसतो. त्याने रागावू नये, लाजूही नये, चौकशी करावी. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचे भाव कोसळले, सारा मात्र वाढला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात वह्या व कर्जरोखे जाळले गेले. १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना न्यायालयात संरक्षण दिले. रोख्यात काय लिहिले होते, कुळाला ते वाचता येत होते काय, व्याज कसे धरले जाई, पीक बुडाल्यावर सूट मिळे काय, हे प्रश्न मुलांनी विचारलेच पाहिजेत. उत्तर प्रत्येक वेळी आपल्या सोयीचे येईल असे नाही.

यातील काही उत्तरे घरीच सापडतील. मोडी लिपीतील, गुजरातीतील जुन्या चोपड्या अनेकांच्या माळ्यावर आहेत आणि दिवाळीच्या आवराआवरीत त्या रद्दीत जातात. यंदा त्या आधी मुलांच्या इतिहासशिक्षकांना दाखवाव्यात. कुळांची नावे झाकून छायाप्रत द्यावी, म्हणजे कोणाच्या घरची अब्रू चव्हाट्यावर येणार नाही आणि वर्गात पोवाड्याशेजारी ठेवायला एक अस्सल कागद मिळेल.