एका उत्तराची किंमत

‘जिभेला हाड नसते’ असे आपण सहज म्हणून जातो. पण ही बिनहाडाची जीभ माणसे तोडते, घरे तोडते आणि प्रसंगी राज्येही तोडते. बायबलच्या जुन्या करारात, ‘राजे’ या पुस्तकाच्या पहिल्या भागात, बाराव्या अध्यायात अशीच एक कथा आहे. आपण विद्यार्थ्यांनी आणि, लहान तोंडी मोठा घास घेऊन म्हणतो, गुरुजनांनीही तिच्यावर विचार करावा.

इ. स. पूर्व ९३० च्या सुमारास शलमोन राजा वारला. त्याचा मुलगा रहबाम राज्याभिषेकासाठी शखेमला गेला. शलमोनाच्या बांधकामांसाठी प्रजा वेठबिगारीने पिचली होती. यराबामाला पुढे करून लोकांनी विनविले, की वडिलांनी लादलेले जू हलके करा, आम्ही तुमचे सेवक होऊ. रहबामाने तीन दिवसांची मुदत घेतली. वृद्ध मंत्र्यांनी सांगितले, की गोड बोला, आज तुम्ही त्यांचे सेवक व्हा म्हणजे ते कायमचे तुमचे होतील. पण बरोबर वाढलेल्या मित्रांनी वेगळाच सल्ला दिला. राजाने तोच उचलला आणि वडिलांहून अधिक कठोर शिक्षा करीन, असे भर सभेत सुनावले.

परिणाम तात्काळ झाला. दहा वंश फुटून निघाले. राजाने त्यांच्याकडे पाठविले कोणाला, तर वेठबिगारीवरचा अधिकारी अदोराम याला! लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले आणि राजा रथात बसून यरुशलेमेकडे पळाला. पुढे त्याने १,८०,००० योद्धे जमविले. पण शमाया या संदेष्ट्याने हे भाऊबंदांशी युद्ध करू नका असे बजावले, तेव्हा सारे घरी परतले. चार गोड शब्दांनी जे राखता आले असते, ते एवढ्या सैन्यालाही परत मिळवून देता आले नाही.

या कथेवरून ‘तरुण पिढी उद्धट असते’ असा निष्कर्ष कोणी काढील. पण राज्यावर आला तेव्हा रहबाम ४१ वर्षांचा होता, असे तेच पुस्तक सांगते! तेव्हा दोष वयाचा नव्हे. शिवाय ते उत्तर रागाच्या भरात निसटलेलेही नव्हते. त्यामागे तीन दिवसांचा विचार होता. गर्विष्ठ माणूस सल्ला विचारतो, पण टाळ्या वाजविणाऱ्यांचाच ऐकतो. उद्धट वाणी जिभेवर येण्याआधी कानात जन्मते, असे मला वाटते.

याच ग्रंथात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याची कथा आहे. राजवाड्याच्या गच्चीवर फिरताना त्याने स्वतःच्या वैभवाची बढाई मारली, आणि शब्द तोंडात आहेत तोच त्याचे भान हरपले. तो बैलासारखा गवत खाऊ लागला. पण त्याने वर पाहिले तेव्हा त्याची बुद्धी परत आली आणि राज्यही मिळाले. गर्व बरा होऊ शकतो, हा दिलासा येथे आहे. पण रहबामाची कथा बजावते, की बोलण्याने तुटलेले नाते प्रत्येक वेळी सांधले जात नाही.

हे सारे मी कोरड्या पाषाणाच्या भूमिकेतून लिहीत नाही. एका वादविवाद स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याच्या गावरान उच्चारांवर मी एक कोटी केली. सभागृह हसले, बक्षीस मला मिळाले. तो मित्र त्यानंतर व्यासपीठावर कधीच चढला नाही. मी नंतर क्षमा मागितली, त्याने ती मोठ्या मनाने दिलीही. पण त्याचा गेलेला आवाज मला परत देता आला नाही.

मित्रहो, आपण येथे बोलायला शिकतो, ते शिकलेच पाहिजे. परंतु उत्तर देण्यापूर्वी रहबामासारखे तीन दिवस नकोत, तीन क्षण थांबलो तरी पुरे. मात्र त्या तीन क्षणांत, टाळ्या कोण वाजवील याऐवजी आपल्या शब्दांनी कोण दुखावेल, याचा विचार आपण करू या.